‘बोनस’ म्हणजे नक्की काय? वेबपेजला हे सांगता येतं, पण कुणी सांगत नाही

दिवाळी उलटली, हलका धान बांधीतून घरी आला, की भंडारा जिल्ह्यात पानटपरीपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत एकच प्रश्न फिरायला लागतो: यंदा बोनस किती? घरातल्या मोठ्यांनी विचारलं की आपण काय करतो? फोन काढतो, ‘धान बोनस’ टाकतो आणि जे पहिलं दिसेल ते वाचून दाखवतो. कुठे क्विंटलमागे 700 रुपये दिसतं, कुठे हेक्टरी 15,000, कुठे हेक्टरी 20,000. गंमत म्हणजे तिन्ही आकडे खरे आहेत.

2020-21 च्या खरीप हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत होती क्विंटलला 1,868 रुपये. त्यावर राज्य सरकारने क्विंटलमागे 700 रुपये दिले, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त 50 क्विंटलपर्यंत. म्हणजे कमाल 35,000. पुढे ही पद्धतच बदलली. 2022-23 ला क्विंटलचा हिशोब सोडून धान लागवडीखालच्या क्षेत्रावर हेक्टरी 15,000 रुपये जाहीर झाले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. 2023-24 आणि 2024-25 ला तोच दर हेक्टरी 20,000 झाला, म्हणजे कमाल 40,000. सरकारी कागदावर याचं नाव ‘प्रोत्साहनपर राशी’. गावात मात्र तेव्हाही बोनसच होता, आताही बोनसच आहे.

आता बघा, शब्द एक आणि व्याख्या दोन. पहिल्या व्याख्येत मोजमाप वजनाचं होतं: केंद्रावर धान विकला तेवढ्यावर पैसे. दुसऱ्या व्याख्येत मोजमाप जमिनीचं आहे: नोंदणी आणि क्षेत्र. अडीच एकर, म्हणजे साधारण एक हेक्टर धान लावणाऱ्याने 25 क्विंटल विकला असता तर जुन्या हिशोबाने त्याला 17,500 मिळाले असते, नव्या हिशोबाने 20,000 च्या आसपास. पण खरा फरक रकमेचा नाही, करायच्या कामाचा आहे. जुनी व्याख्या वाचणारा माणूस धान केंद्रावर नेण्याची घाई करेल. नवी व्याख्या वाचणारा आधी नोंदणी झाली का ते बघेल. चुकीचं पान वाचलं तर माणूस चुकीच्या रांगेत उभा राहतो, आणि नोंदणीची मुदत काही त्याच्यासाठी थांबत नाही.

हा प्रश्न शेतीचा वाटतो. मी सॉफ्टवेअरवाला आहे, मला तो अर्धा एचटीएमएलचा वाटतो.

ठळक अक्षर माणसासाठी, टॅग मशीनसाठी

वेबपेज म्हणजे एचटीएमएल, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यातले काही टॅग फक्त दिसण्याबद्दल बोलतात. हे अक्षर ठळक कर, हे तिरपं कर, एवढंच. काही टॅग अर्थ सांगतात: हा मजकूर म्हणजे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, ही तारीख आहे. दुसऱ्या प्रकाराला सिमँटिक एचटीएमएल म्हणतात. डोळ्यांना दोन्ही कदाचित सारखेच दिसतील, पण ब्राउझर, सर्च इंजिन, स्क्रीन रीडर आणि भाषांतर करणारं सॉफ्टवेअर यांना फरक कळतो.

सिमँटिक टॅगमधला एक अगदी दुर्लक्षित टॅग आहे डीएफएन. डेफिनिशन या शब्दाचं हे लहान रूप. काम एकच: ‘या शब्दाची व्याख्या इथे केली आहे’ असं सांगणं. हा काही कालपरवाचा नाही. 1997 च्या एचटीएमएल 3.2 मध्ये तो होता, 1999 च्या 4.01 मध्ये होता, 2014 च्या एचटीएमएल 5 मध्येही आहे आणि आजच्या चालू मानकातही आहे. इतकी वर्षं सगळ्या ब्राउझरला समजतोय, आणि तरीही कॉलेजमध्ये वेब डेव्हलपमेंट शिकताना बहुतेकांच्या कानावरून तो जात नाही. आपल्याकडे डिव्ह आणि स्पॅन यावर अख्खी इंजिनिअरिंग निघून जाते.

डीएफएनचे नियम वाचण्यासारखे आहेत, कारण त्यात एक शहाणपण दडलंय. तो टॅग शब्द जिथे जिथे येतो तिथे लावायचा नाही. जिथे शब्दाची ओळख करून दिली आहे, त्या एकाच जागी लावायचा. आणि ज्या परिच्छेदात किंवा विभागात तो लावला, त्याच परिच्छेदात किंवा विभागात व्याख्या असलीच पाहिजे. म्हणजे वरती शब्द, आणि अर्थ ‘अधिक माहितीसाठी शासन निर्णय पाहा’ असं चालत नाही. टॅग लावायला बसलात की व्याख्या लिहावीच लागते. मला तर हा टॅग मशीनपेक्षा लेखकालाच जास्त शिस्त लावतो असं वाटतं.

बोनसचं उदाहरण घ्या. बहुतेक पानांवर वाक्य असतं, ‘शेतकऱ्यांना बोनस मंजूर’. आता हेच असं लिहा: ‘2024-25 च्या खरीप हंगामासाठी प्रोत्साहनपर राशी, म्हणजे बोलीभाषेत बोनस, ही नोंदणी केलेल्या शेतकऱ्याला धान लागवडीखालच्या क्षेत्रावर हेक्टरी 20,000 रुपये या दराने, जास्तीत जास्त दोन हेक्टरसाठी मिळणारी रक्कम आहे.’ यातल्या ‘प्रोत्साहनपर राशी’ला डीएफएन लावा, आणि त्या टॅगला एक आयडी द्या. झालं. आता त्या व्याख्येला स्वतःचा पत्ता मिळाला. पानाच्या लिंकपुढे हॅश चिन्ह आणि तो आयडी जोडला, की लिंक उघडणारा माणूस थेट त्या ओळीवर उतरतो. सतरा जाहिराती आणि ‘हेही वाचा’ पार करत खाली यावं लागत नाही.

एक छोटी सूचना, अनुभवातून. आयडी देवनागरीत देता येतो, एचटीएमएलला त्याची अडचण नाही. पण ती लिंक कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की देवनागरी अक्षरांच्या जागी टक्क्याची चिन्हं आणि आकड्यांची लांबच लांब माळ येऊ शकते, आणि लोकांना ती व्हायरसची लिंक वाटते. आयडी रोमन अक्षरांत, छोटा आणि हंगामाच्या वर्षासकट ठेवा.

या व्याख्येत अजून एक शब्द लपलाय, ‘लागवडीखालचं क्षेत्र’. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र आणि पोटखराबा वेगळे असतात. पोटखराबा म्हणजे त्या गटातली लागवडीला न येणारी जमीन. माझी जमीन दोन हेक्टर म्हणून मला 40,000, असा हिशोब करणाऱ्याला हा शब्द आडवा येतो. तेव्हा ‘लागवडीखालचं क्षेत्र’ या शब्दावरून त्याच्या स्वतःच्या व्याख्येकडे लिंक हवी. एका व्याख्येतून दुसरीकडे जाता आलं पाहिजे. एचटीएमएलचं मानक ज्या पानांवर लिहिलंय, तिथे नेमकं हेच केलंय. त्यात एखाद्या संज्ञेच्या व्याख्येवर क्लिक केलं की ती संज्ञा कुठे कुठे वापरली आहे त्याची यादी समोर येते. ही सोय करणाऱ्या मंडळींनी ती आधी स्वतःसाठी केली, कारण हजारो संज्ञांचा पसारा त्यांना तसा सांभाळताच आला नसता. आपल्या महसूल खात्याचा पसारा त्यापेक्षा लहान आहे असं मला वाटत नाही.

मामा कुणाचा?

भंडाऱ्याबाहेरच्या वाचकाला ‘मामा तलाव’ हा शब्द वाचून काय वाटेल? कुण्या मामाने बांधलेला तलाव. भाषांतराच्या अ‍ॅपला तर मामा म्हणजे आईचा भाऊ एवढंच ठाऊक. खरं तर हा शब्द लघुरूप आहे: माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी यातले कितीतरी बांधले, पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते. हा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव पुढे सरकारकडे आले, आणि नावाला ‘माजी’ चिकटलं. ‘मा’ आणि ‘मा’ मिळून मामा.

लघुरूपासाठी एचटीएमएलमध्ये वेगळा टॅग आहे, एबीबीआर. त्याच्या टायटल या गुणधर्मात पूर्ण रूप लिहायचं. आणि व्याख्या लघुरूपाचीच असेल तर एबीबीआर हा डीएफएनच्या पोटात ठेवायचा. मानकात यासाठी नियमही आहे: डीएफएनच्या आत फक्त एबीबीआर असेल आणि त्याला टायटल असेल, तर ज्या संज्ञेची व्याख्या चालली आहे ती म्हणजे टायटलमधलं पूर्ण रूप. म्हणजे पानावर दिसेल ‘मामा’, मशीनला कळेल ‘माजी मालगुजारी’. माझ्या मते एबीबीआर टॅगचं इतकं चपखल उदाहरण इंग्रजीतही सापडणार नाही.

सोबतीला ट्रान्सलेट नावाचा एक गुणधर्म आहे, त्याला ‘नो’ अशी किंमत दिली की गुगल ट्रान्सलेट तेवढा शब्द जसाच्या तसा ठेवतं. नागपुरात शिकायला आलेला परराज्यातला विद्यार्थी किंवा दिल्लीतला एखादा अभ्यासक पान भाषांतरित करून वाचत असेल, तर त्याच्या पानावर आईचा भाऊ अवतरणार नाही.

पण थांबा. इथे तुमच्या-माझ्यासारख्या फोनवाल्यांची एक मोठी पंचाईत आहे. टायटलमध्ये लिहिलेला मजकूर कॉम्प्युटरवर माउस नेला की छोट्या चौकटीत दिसतो. फोनवर माउस कुठे? बोट ठेवा, दाबून धरा, काही होत नाही, फार तर शब्द सिलेक्ट होतो. म्हणजे डेव्हलपरने ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर तपासून ‘झालं’ म्हटलेली व्याख्या भंडाऱ्यातल्या वाचकाला दिसतच नाही, कारण त्याच्याकडे आहे तो फोन. एचटीएमएलचं मानकही फक्त टायटलवर विसंबू नका असं स्पष्ट बजावतं. तेव्हा पूर्ण रूप पहिल्यांदा शब्द येईल तिथे उघड लिहा: ‘मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव’. नंतर पुढच्या परिच्छेदांत नुसतं मामा चालेल.

जागा वाचवायची असेल तर डिटेल्स आणि समरी ही जोडी आहे. शब्दावर टॅप केलं की खाली अर्थ उलगडतो, जावास्क्रिप्टची एक ओळही लागत नाही. आणि आता पॉपओव्हर आलंय. शब्दाच्या बटणावर टॅप केलं की तरंगती चौकट, बाहेर टॅप केलं की गायब. क्रोम आणि सफारीत 2023 पासून, फायरफॉक्समध्ये 2024 पासून ते चालतं. खूप जुना फोन असेल तर मात्र चौकटीचा मजकूर उघडाच पानावर पडलेला दिसेल. ते मला चालतं. न दिसण्यापेक्षा वेडंवाकडं दिसलेलं बरं.

धुरा की बांध?

संज्ञांची यादी करायची तर डीएल हा टॅग आहे. त्यात डीटी म्हणजे शब्द, डीडी म्हणजे त्याचा अर्थ. लोक याच्या जागी टेबल टाकतात, मग फोनवर टेबल आडवं सरकत राहतं आणि अर्धा अर्थ स्क्रीनबाहेर. डीएल आपसूक उभी मांडली जाते.

डीएलची खरी मजा वेगळी आहे. एका डीडीला तुम्ही दोन डीटी देऊ शकता. दोन शब्द, एक अर्थ. आपल्या मराठीला याचीच गरज आहे. सरकारी पानावर ‘बांध’ लिहिलेलं असतं आणि आमच्याकडे म्हणतात ‘धुरा’. धुऱ्यावरून भांडण झालेला माणूस ‘धुरा मोजणी’ शोधतो, पानावर तो शब्दच नाही, मग पान सापडणार कसं? डीटीमध्ये ‘बांध’, लगेच खाली दुसऱ्या डीटीमध्ये ‘धुरा’, आणि खाली एकच अर्थ. ‘प्रोत्साहनपर राशी’ आणि ‘बोनस’ यांचंही तेच.

मात्र दोन शब्द खरंच एका अर्थाचे आहेत का, हे लिहिणाऱ्याला ठाऊक हवं. ‘बोडी’ आणि ‘शेततळं’ एकाच डीडीवर टाकाल तर फसाल. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान, बहुतेकदा खासगी, पाळ घालून पाणी अडवलेला जुना तलाव. शेततळं म्हणजे योजनेतून ठरलेल्या मापाने खोदलेला खड्डा, कधी प्लास्टिक अंथरलेला. बोडीची दुरुस्ती आणि नवं शेततळं या वेगळ्या गोष्टी, त्यांचे अर्जही वेगळे. इथे दोन डीटी, दोन डीडी. ही निवड कुठलंही सॉफ्टवेअर करून देणार नाही. त्यासाठी बोडी पाहिलेला माणूस लागतो.

जुन्या कागदांचं प्रकरण तर याहून अवघड. विदर्भातल्या जुन्या नोंदींमध्ये ‘भूमिस्वामी’ आणि ‘भूमिधारी’ हे शब्द येतात. ते मध्य प्रदेशच्या 1954 च्या कायद्यातून आले, तेव्हा भंडारा त्या राज्यात होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची आली आणि भाषा बदलली: भोगवटादार वर्ग 1, भोगवटादार वर्ग 2. वर्ग 2 ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि भूमिधारी जमीन या वर्ग 2 मध्ये गेली. आजोबांच्या कागदावर भूमिधारी, आणि नातू फोनवर ‘भूमिधारी जमीन विकता येते का’ असं शोधतोय. त्याला पुण्या-नाशिकच्या वाचकासाठी लिहिलेलं पान मिळतं, त्यात हा शब्दच नसतो. पुण्याच्या लेखकाचा दोष नाही. त्याच्याकडे भूमिधारी कधी नव्हताच.

पानाची भाषा कोणती, हे तरी सांगा

व्याख्या राहू द्या, कितीतरी मराठी पानं स्वतःची भाषाही नीट सांगत नाहीत. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये लँग नावाचा गुणधर्म असतो. मराठीसाठी त्यात एम आणि आर ही दोन अक्षरं हवीत. पण थीम इंग्रजी घेतली जाते, मजकूर मराठी भरला जातो, आणि लँग मध्ये ‘ईएन’ तसंच राहून जातं.

परिणाम? दृष्टिहीन वाचक टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर वापरतो तेव्हा कुठल्या भाषेचा आवाज लावायचा याचा इशारा इथून मिळतो. ‘7/12’ हा मजकूर मराठी आवाजात ‘सातबारा’च्या निदान जवळपास जाईल. इंग्रजी समजून वाचला तर ती तारीख वाटू शकते, भागाकार वाटू शकतो. म्हणून व्याख्येच्या जागी तरी ‘सातबारा’ असं अक्षरांत लिहावं: गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 मिळून होणारा उतारा. नमुना 7 मध्ये जमीन कुणाच्या नावावर, नमुना 12 मध्ये तिच्यात काय पिकलं.

लँगचा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसतो. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि काही देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात. पान मराठी आहे असं कळलं तरच फॉन्ट मराठी वळण काढतो. अनेकांना वाटतं हा फॉन्टचा दोष. कधी कधी तो दोन अक्षरांच्या लँगचा असतो.

जाता जाता, डीएफएन लावलेला शब्द ब्राउझर आपणहून तिरपा करतो. इंग्रजीत ते शोभतं. देवनागरीला बहुधा तिरपा फॉन्टच नसतो, मग ब्राउझर सरळ अक्षरांनाच ढकलून वाकडं करतो, आणि शिरोरेषेखाली सगळे शब्द वाऱ्यात झुकलेल्या धानासारखे दिसतात. सीएसएसमध्ये डीएफएनची फॉन्ट स्टाइल ‘नॉर्मल’ करा आणि वजन थोडं वाढवा.

नियम काय म्हणतो?

सरकारी वेबसाइटसाठी नियम आहेत. जीआयजीडब्ल्यू नावाची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती 2023 ला आली. ती डब्ल्यूसीएजी 2.1 या जागतिक मानकाची ‘डबल ए’ पातळी मागते. या मानकाच्या तीन पातळ्या आहेत: ए, डबल ए, ट्रिपल ए. पानाची भाषा सांगणं ‘ए’ मध्ये येतं, म्हणजे अगदी किमान. मधेच दुसऱ्या भाषेतला मजकूर आला तर त्याची भाषा सांगणं ‘डबल ए’ मध्ये. आणि अपरिचित शब्दांची व्याख्या देणं, लघुरूपांचं पूर्ण रूप देणं? ते ‘ट्रिपल ए’ मध्ये. म्हणजे ऐच्छिक. पान सगळ्या चाचण्या पास होईल, प्रमाणपत्र मिळवेल, आणि त्यात ‘एफएक्यू धान’ म्हणजे काय हे कुठेही लिहिलेलं नसेल.

एफएक्यू वरून आठवलं. वेबसाइटवर एफएक्यू म्हणजे नेहमी विचारले जाणारे प्रश्न. धान केंद्रावर एफएक्यू म्हणजे रास्त सरासरी प्रत, ज्यात ओलावा 17 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. एकाच पानावर दोन्ही अर्थाने हा शब्द येऊ शकतो. ओलाव्यामुळे धान परत पाठवला गेलेल्या माणसाला ‘एफएक्यूमध्ये बसत नाही’ असं सांगितलं जातं. घरी येऊन त्याच्या मुलीने हा शब्द शोधला, तर तिला मिळणार प्रश्नोत्तरं.

ट्रिपल ए सरसकट बंधनकारक करा असं मी म्हणणार नाही. मानक लिहिणारेच म्हणतात की सगळ्या प्रकारच्या मजकुराला ती पातळी गाठता येत नाही. पण या दोन कलमांपुरतं, आणि ज्या शब्दावर पैसे, जमीन किंवा मुदत अवलंबून आहे तेवढ्यापुरतं, ते सक्तीचं असावं असं माझं मत आहे. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात सांगितलं की डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचता येणं हा संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींचा होता. पण त्या निकालात ग्रामीण भाग आणि डिजिटल दरीचाही विचार आहे. शब्द न कळल्यामुळे अर्ज राहिला, हीसुद्धा पोहोच नसणंच आहे.

महाराष्ट्रात 2025 च्या सुरुवातीला सरकारी कार्यालयांसाठी शंभर दिवसांचा कार्यक्रम झाला, त्यातही वेबसाइट सुधारणं हा एक मुद्दा होता. ते चांगलंच झालं. पण वेबसाइट सुधारली की नाही हे मोजतात कसं? शेवटचा बदल कधी झाला, माहिती भरली का, सुरक्षित आहे का. हे सगळं मोजता येतं. एखादी संज्ञा वाचकाला कळली का, हे मोजायला रकाना नाही. डीएफएन टॅगची गंमत अशी, की तो असेल तर रकाना करता येतो. पानावर किती संज्ञांची व्याख्या आहे, हे दहा ओळींचा प्रोग्राम मोजून देईल. कुठल्या हंगामाची व्याख्या अजून बदलली नाही, हेही सांगेल.

भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, ते मी कामासाठी वापरतो. पण तिथे बहुतेक ठिकाणी इंग्रजी शब्दाला मराठी पर्याय मिळतो. पर्याय म्हणजे व्याख्या नव्हे. ‘ऑक्युपंट’ला ‘भोगवटादार’ कळलं, पण भोगवटादार म्हणजे काय ते राहिलंच.

मग गुगल वरती दाखवेल का?

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. नाही. डीएफएन लावला म्हणून पान वर येत नाही. कुणी तसं सांगून कोर्स विकत असेल तर पैसे वाचवा. बहुतेक स्क्रीन रीडरही या टॅगसाठी वेगळं काही बोलत नाहीत, खरं आहे ते सांगायला हवं.

तरीही मी त्याच्या बाजूने का? कारण वाचणारा आता फक्त माणूस राहिला नाही. एआय आधारित शोध पानांचे तुकडे पाडतो आणि तुकड्यांवरून उत्तर बांधतो. ‘बोनस’ एका तुकड्यात, ‘2020-21’ चार परिच्छेद वर दुसऱ्या तुकड्यात, असं झालं की जुना आकडा नव्या वर्षाच्या उत्तरात बसायला वेळ लागत नाही. डीएफएनचा नियम पाळलेल्या पानात शब्द, अर्थ, वर्ष आणि मर्यादा एकाच परिच्छेदात असतात. तुकडा पाडला तरी ते सोबत जातात. टॅग मशीनने वाचला नाही तरी टॅगमुळे झालेली मांडणी वाचली जाते.

स्कॅन केलेली पीडीएफ आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं पोस्टर यांत मात्र यातलं काहीच करता येत नाही. तो फोटो आहे, त्याला टॅग कुठून लावणार? आणि गावात सगळ्यात जास्त पोस्टरच फिरतात.

हे तुम्हाला करता येईल का? येईल. क्रोममध्ये अ‍ॅड्रेसच्या आधी व्ह्यू-सोर्स आणि कोलन टाका, कुठल्याही पानाचा एचटीएमएल फोनवरच दिसतो. आधी लँग बघा, मग ‘फाइंड इन पेज’मध्ये डीएफएन शोधा. बहुतेकदा शून्य येईल. तुमचा स्वतःचा ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर ब्लॉग असेल, गावाच्या वाचनालयाचं किंवा शेतकरी गटाचं पान तुम्ही सांभाळत असाल, तर ब्लॉगरमध्ये एचटीएमएल व्ह्यू आहे, वर्डप्रेसमध्ये कस्टम एचटीएमएल ब्लॉक. दहा शब्दांपासून सुरू करा: बोनस, एफएक्यू, सातबारा, आठ-अ, फेरफार, पोटखराबा, वर्ग 2, मामा तलाव, बोडी, धुरा. प्रत्येकाची दोन वाक्यांची व्याख्या, प्रत्येकाला आयडी, आणि जिथे आकडा आहे तिथे हंगाम. हंगाम बदलला की जुनी व्याख्या पुसू नका. तिच्याखाली नवी लिहा, नवा आयडी द्या आणि जुनीत एक ओळ टाका: ही व्याख्या 2020-21 पुरती होती. जुन्या लिंकवरून येणाऱ्यालाही मग कळेल की आपण कुठल्या वर्षात उभे आहोत.

दुसऱ्याच्या पानावर चांगली व्याख्या सापडली आणि तिला आयडी नाही, तर क्रोममध्ये ती ओळ सिलेक्ट करून शेअरच्या पर्यायांत हायलाइटची लिंक मिळते. उघडणाऱ्याला तीच ओळ रंगवलेली दिसते. यंदा कुणी ‘बोनस किती’ विचारलं तर नुसता आकडा न टाकता हंगामासकट त्या ओळीची लिंक टाका. पोस्टर टाकणारे आधीच चार जण असतील.